कच्चा टाका

आधीच माफी मागतो. व्यक्तिचित्र लिहायचं ते थोरामोठ्यांचं, निदान केस पिकलेल्या माणसाचं, अशी माझी समजूत होती. मी ज्याच्याबद्दल लिहिणार आहे तो माझ्याच वयाचा आहे, आणि सांगण्यासारखं त्याने अजून काही केलेलं नाही. मीही काही लिहिणारा नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपरांपलीकडे एवढं लांबलचक कुणी काही लिहिल्याचं मला आठवत नाही. पण मागच्या आठवड्यात त्याची बातमी कळली आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

त्याला आम्ही ट्रायल म्हणायचो. माणूस समोर आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. ट्रायल खांद्यांकडे बघायचा. आधी डावा, मग उजवा, मग मान, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. वर्गात नवीन बाई शिकवायला आल्या तरी तेच. मुलींना त्याचा राग यायचा, मग कळायचं की हा प्राचार्यांकडेही असंच बघतो.

बारावीनंतर मी चर्नी रोडच्या एका कॉलेजात आर्ट्सला नाव घातलं. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आपल्याला कुणी काही विचारू नये म्हणून मी शेवटच्या बाकावर बसायचो. तिथे दाराजवळची जागा ट्रायलची होती. एक पाय बाकाखाली, एक बाहेर. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला,

"बॅग डाव्या खांद्याला लावतोस ना?"

"हो. का?"

"खांदा उतरलाय. कुठून येतोस?"

"परळ."

"मग परळ, उद्यापासून उजव्याला लाव."

त्यानंतर त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायचा, "ए परळ!" आणि सगळं परळ वळून बघावं तसा मी दचकायचो.

त्याच्या वडिलांचं, अण्णांचं, गिरगावात एका वाडीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान होतं. दोन मशिनं, एक आरसा आणि पडदा लावायला एक दोरी. कोटाला ट्रायल सगळेच घेतात. अण्णा साध्या शर्टालाही घ्यायला लावायचे. आधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घालायचे, गिऱ्हाइकाला बोलवायचं, अंगावर चढवायचं, खडूने खुणा करायच्या, उसवायचं, आणि मगच पक्की शिलाई. लोक कंटाळून रेडिमेडकडे गेले तरी अण्णांनी पद्धत सोडली नाही. ते फार कमी बोलायचे. टेप गळ्यात, टाचण्या ओठांत, आणि त्या टाचण्यांमधून दोनच शब्द बाहेर यायचे, "हलू नका." मी पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा नुसता स्टुलावर बसलो होतो, तरी मलाही म्हणाले.

ट्रायल त्यांच्यासमोर उभा राहिला की अण्णांची पंचाईत व्हायची. हा सारखा हलायचा. "अरे, माप घेतोय की मासा पकडतोय मी?" असं अण्णा वैतागून म्हणाले की टाचण्या खाली सांडायच्या आणि आम्ही दोघं वेचत बसायचो.

पहिलं वर्ष संपत आलं आणि नोटीस लागली. पुढच्या वर्षापासून मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता घेणार ते कळवा, नंतर बदलून मिळणार नाही. शेवटच्या चार शब्दांनी माझी झोप उडाली. माझ्यासाठी हा एका मुलाच्या विषयाचा प्रश्न नव्हता. माझी धाकटी बहीण मीनल तेव्हा नववीला होती आणि तिने घरात जाहीर करून टाकलं होतं, "दादा घेईल तेच मी घेणार. मला कशाला विचारता?" म्हणजे माझं चुकलं तर दोघांचं चुकणार होतं.

मी दिसेल त्याला विचारत सुटलो. चाळीतले जाधवकाका म्हणाले, अर्थशास्त्र घे, बँकेच्या परीक्षेला बरं. विहारात रविवारी मुलांचा अभ्यास घेणारे सर म्हणाले, राज्यशास्त्र घे, आपल्या मुलांनी राज्यघटना वाचलीच पाहिजे. मामा म्हणाले, आर्ट्सच का घेतलंस? आमचे पप्पा एका हॉस्पिटलात लिफ्टमन आहेत. ते लिफ्टमधून जाणाऱ्या डॉक्टरांनाही विचारून आले. सगळ्यांच्या बोलण्यात एक शब्द समान होता. स्कोप.

मी हे सगळं ट्रायलला सांगितलं. तो दुकानाच्या पायरीवर उसवलेल्या बाहीतला दोरा ओढत होता.

"ह्या कापडाला तू विचारणार का, तुझा स्कोप काय म्हणून? आधी अंगावर घालून बघ ना भाई."

"विषय कसा अंगावर घालणार?"

"वर्गात जाऊन बसायचं. कच्चा टाका. नाही जमलं तर उसवायचं. कोण मरतंय?"

अशी आमची वणवण सुरू झाली. आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या वर्गांत घुसून बसायला लागलो. त्याचे नियम होते. पहिल्या लेक्चरवरून काही ठरवायचं नाही, ते फसवं असतं. शिक्षक चांगला की विषय चांगला, हे वेगळं काढायचं. आणि हात मोबाईलकडे कधी गेला ते लक्षात ठेवायचं. मानसशास्त्राच्या वर्गात हजेरी संपल्यावर मॅडमनी आम्हाला उभं केलं. "तुम्ही दोघं कोण?" मी घामाघूम. हा शांतपणे म्हणाला, "मॅडम, ट्रायल." तेव्हापासून ते नाव पडलं. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, बसा.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मात्र आमचीच फजिती झाली. तिथे एका बाकावर मावतील एवढीच मुलं होती. आम्ही दोघं दारात दिसल्याबरोबर सरांचा चेहरा असा उजळला की परत फिरणं शक्य नव्हतं. ते आमच्याकडेच बघून शिकवायला लागले. तास संपल्यावर आम्हाला कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि म्हणाले, "उद्या मात्र वेळेवर या हं." पुढे कितीतरी दिवस सर जिन्यावर दिसले की आम्ही प्रसाधनगृहात शिरायचो.

"वाईट वाटतंय रे," मी म्हणायचो.

"मलापण. पण त्यांनी माप न घेताच कापड कापलं ना."

या सगळ्यात तो कुठेच रमायचा नाही. इतिहासात अर्धा तास मान डोलवायचा, बाहेर आला की म्हणायचा, "ठीक आहे. पण बगलेत ओढतं." अर्थशास्त्र त्याला गळ्याशी घट्ट व्हायचं. दादरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्राचा वर्ग आहे असं कळलं, तर तिथेही मला ओढत घेऊन गेला. आम्ही आर्ट्सवाले आहोत, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही, हे त्याला पटेचना.

माझं ठरलं ते भूगोलाच्या वर्गात. मॅडमनी मुंबई बेटांची होती तेव्हाचा नकाशा भिंतीवर लावला होता. परळचं बेट कुठे संपायचं, चिखल-पाणी कुठे सुरू व्हायचं, ते त्या बोटाने दाखवत होत्या. आमच्या गल्लीत एक उतार आहे. तिथे सायकल पेडल न मारता आपोआप खाली जाते. लहानपणी आम्हाला वाटायचं, रस्ता करणाऱ्यांनी तो मुलांसाठीच ठेवलाय. मी कधी उभा राहिलो ते मलाच कळलं नाही.

"मॅडम, आमच्या गल्लीचा उतार म्हणजे त्या बेटाचा काठ आहे का?"

मॅडम थांबल्या. "असू शकेल. मोजून बघायला हवं." मग चष्मा वर करून, "पण तुम्ही कुठल्या वर्गातले?"

बेल झाली. बाहेर आल्यावर ट्रायलने माझ्या दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला, अण्णा फिरवतात तसा. "बसलं," तो म्हणाला. "आता पक्की मार."

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "भूगोल? तो तर शाळेतच झाला ना रे?" पप्पा म्हणाले, "उद्या डॉक्टरांना विचारतो," आणि त्याचीच मला भीती वाटली. ट्रायल आपण होऊन परळला आला. चाळीच्या गॅलरीत पप्पा ड्युटीला निघायच्या तयारीत उभे होते. हा त्यांच्या खांद्यांकडे बघत बसला.

"काका, युनिफॉर्म तुमच्या मापाचा नाहीये."

"नसतोच. मिळतो तो घालायचा."

"त्रास होतो?"

"हात वर केला की काखेत काचतो. दिवसभर बटणं दाबायची, सवय झाली आता."

"मग ह्याला तरी मापाचं घालू दे ना, काका."

पप्पांनी काखेत काचणारी शिवण ओढून सैल केली. मग मला म्हणाले, "घे तुझा भूगोल. पण नीट कर." जाता जाता जिन्यात थांबून त्यांनी ट्रायलला विचारलं, "आणि तू काय घेतलंयस?"

ट्रायल स्वतःच्या बाहीचा दोरा ओढायला लागला. "माझं अजून कच्चंच आहे, काका."

शेवटची तारीख आली तरी ते कच्चंच होतं. मी रोज पाठी लागायचो, तो रोज म्हणायचा, "अजून दोन वर्ग बघतो." त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आठवड्याने आलं तरी खडू पुसून परत खुणा करून मिळायच्या. कॉलेजही तसंच असणार असं त्याने मनापासून धरलं होतं. तारीख उलटल्यावर तो ऑफिसात गेला आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाला, "मॅडम, दुसरी ट्रायल मिळेल का?" बाईंना काही कळलं नाही. ज्यांनी काही कळवलं नव्हतं त्यांना जागा शिल्लक असलेला विषय देऊन झाला होता. ट्रायलला तत्त्वज्ञान मिळालं.

"कॉलेजने मला रेडिमेड दिला रे, परळ," तो हसत म्हणाला. हसणं नेहमीसारखं नव्हतं.

वर्गात गेल्यावर सर त्याला म्हणाले होते, "या. मला वाटलंच होतं, उशीर होईल पण याल." तो काही महिने बसला. सरांशी भांडायचा, वर्गाबाहेर येऊन माझ्याशी त्याच मुद्द्यावर भांडायचा, मी भूगोलाचा आहे हे विसरून. पण बसायचा तो तसाच, एक पाय बाहेर. दिवाळीनंतर दाराजवळची ती जागा रिकामी दिसायला लागली. वाडी रिडेव्हलपमेंटला गेली, अण्णांनी दुकान आवरून डोंबिवलीला नेलं, आणि हा त्यांच्याबरोबर गेला. निरोप असा झालाच नाही. अर्धवट उतरवलेल्या पाटीखाली उभं राहून त्याने माझी बॅग उजव्या खांद्यावर सारखी केली आणि म्हणाला, "येतो रे." काही दिवस फोन लागायचा. मग नंबर बंद झाला.

मी आता भूगोलात एम.ए. करतोय. स्कोपचं अजून मलाही नीट सांगता येत नाही. गल्लीचा उतार मात्र मोजला. तो बेटाचा काठ आहे की नाही यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. मीनल बारावीला आहे. "दादा घेईल तेच" हे तिने सोडून दिलंय. परवा ती एका कॉलेजात जाऊन कुणाच्या तरी वर्गात बसून आली. मला ट्रायलची एकच सवय लागली आहे. माणूस दिसला की मीही आधी खांद्यांकडे बघतो.

त्यामुळेच बातमी कळली. मागच्या आठवड्यात दादरच्या भाजी बाजारात एक गृहस्थ पाठमोरे उभे राहून अळूची पानं निवडत होते. अंगात निळ्या रेघांचा शर्ट. पाठीवरची रेघ खांद्याच्या शिवणीला न तुटता बाहीवर उतरली होती. आणि डावा खांदा उतरता असूनही शर्टाने तो कळू दिला नव्हता. मी गर्दीत तसाच थांबलो. गृहस्थ वळले. तत्त्वज्ञानाचे सर.

"सर, शर्ट कुणी शिवला?" नमस्कार वगैरे राहूनच गेलं.

सर हसले. "तुम्ही दोघं यायचात ना! महिन्यातून एकदा येतो तो घरी. डोंबिवलीहून. शंका घेऊन येतो. शंका संपल्या की माप घेतो."

"शंका कसल्या?"

"बी.ए. करतोय ना बाहेरून. तत्त्वज्ञानच घेतलंय." सरांनी अळूची जुडी पिशवीत घातली. "मी म्हटलं, अरे, या वेळी सगळे विषय तुला मोकळे आहेत. आधी दोन-चार बघून घे. तर मला म्हणाला, नको सर. तेव्हाही माप बरोबरच होतं. मीच हलत होतो."