बोथट कडा
तिरोलच्या डोंगरातल्या एका खेड्यात हिवाळ्याआधी सगळ्यांच्या स्की कडांना धार लावायला आणि तळाला मेण चढवायला क्विरिनकडेच यायच्या. चाळीस वर्षं मेणाचा धूर पिऊन त्याची छाती धरली होती आणि लेक ग्राझला राहायला बोलावत होती. ‘दुकान बंद करतो’ म्हटलं की लोक हसत. म्हणून यंदा त्यानं ठरवलं, काम बिघडवायचं. लोक आपणच शहरातल्या धार लावायच्या यंत्राकडे जातील.

शेजारच्या व्हेरेनाच्या स्कीच्या कडा त्यानं बोथट ठेवल्या. ती न्यायला आली ती गेल्या साली मोडलेला पाय जपत. कडक बर्फावर या कडा तिला धरणार नव्हत्या. “थांब, जरा राहिलंय,” म्हणत त्यानं कानस उचलली.

“काका, मरायची परवानगी नाही हं तुम्हाला!” नव्या धारेवरून बोट फिरवत व्हेरेना हसली.

दाराशी आणखी चौघे आपापल्या स्की घेऊन उभे होते. क्विरिननं त्यांनाही आत बोलावलं.