डाव्या कुशीतली गाठ

धाकट्या भावाला किडनी द्यायची असं मी ठरवलं, तेव्हा मला एकच भीती होती, की सासरचे आडवे येतील. कोणी आलं नाही. यजमान तर म्हणाले, "दोन आहेत ना, एक दे," जणू शेजारणीला वाटी द्यायची होती. पुढच्या तपासण्या सुरू झाल्या आणि जळगावात सोनोग्राफी करताना डॉक्टरांचा हात माझ्या डाव्या कुशीवर थांबला, तिथंच फिरत राहिला. डाव्या किडनीवर फुगवटा दिसतोय, गाठ असू शकते, नसूही शकते, सीटी स्कॅन केल्याशिवाय सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मेहरूणला घरी आल्यावर मी रिक्षावाल्याला मागेल तेवढे पैसे दिले. मी भाव केला नाही की आमच्या घरात सगळे घाबरतात.

भाऊ धुळ्याला असतो. डायलिसिसवर वाळून गेला होता, पाणीसुद्धा घोटभरच प्यायचा. भावजयीचं रक्त जुळलं नव्हतं, आईचं वय झालेलं, उरले मी एकटी. आता माझ्यातच गाठ निघाली तर त्याचं काय, हा प्रश्न मला जेवू देत नव्हता. माझ्या जिवाची भीती नव्हती असं नाही, भरपूर होती. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि तो कानबाईवर होता. कानबाई म्हणजे माझ्या माहेरची देवी, श्रावणात घरी बसवतात ती. मी जन्माची घासाघीस करणारी बाई, मेथीची जुडीसुद्धा सांगितल्या भावात घेत नाही. तिच्याशीही मी तेच आरंभलं. आधी नवसाला साडी बोलले, मग चांदीचे डोळे बोलले, मग चहा सोडते म्हणाले. चहाचं बोलल्यावर तरी ती विरघळेल असं मला वाटलं होतं.

स्कॅन धुळ्यालाच करायचं ठरलं. भावजय सोबत आली. बाहेरच्या बाकावर मी ओठातल्या ओठात देवीला नवनवे नवस सांगत होते, आणि शेजारी एक नऊवारीतली म्हातारी अक्का माझ्याकडे टक लावून बघत होती. "कसाले घाबरस व माय?" तिनं अहिराणीत विचारलं. मी काही बोलायच्या आत तिनं खांद्यावरचा पदर सरकवून लिंबाएवढी गाठ दाखवली. "हाई दख. चरबीनी शे, काही करत नही. मी तिले नणंदनं नाव ठेयेल शे. येस नि बठी ऱ्हास, जाता जात नही." भावजय फिसकन हसली आणि मग माझ्याकडे बघून तिनं जीभ चावली, कारण तिची नणंद मीच. किती दिवसांनी मला हसू आलं. हसता हसता रडूही आलं, आणि मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं, साडी, डोळे, चहासकट. ती म्हणाली, "कानबाईनं काय दुकान मांडेल शे का? मायजोडे कोनी भाव करस का? जाय, मशीनमा आडी पड, बठ्ठं तिनावर सोडी दे."

गळ्यातलं, हातातलं सगळं उतरवून मी आत गेले. यंत्रातून आवाज आला, श्वास घ्या, रोखून धरा. शेवटचा मोठा नवस मी याच क्षणासाठी राखून ठेवला होता, पण श्वास रोखला आणि तो आठवेचना. आठवली ती नणंदेच्या नावाची गाठ. हसू दाबत मी मनात एवढंच म्हणाले, आई, भाऊ तुझा, किडनी तुझी, तूच बघ. तेवढ्यात सुईतून औषध गेलं आणि सगळ्या अंगातून ऊब पसरत गेली. औषधानं तसं होतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी मला ती आईची मांडी वाटली.

थोड्या वेळानं डॉक्टरीण बाईंनी आम्हाला आत बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवलं. "ही गाठ नाहीच. तुमच्या किडनीचा आकारच असा आहे," त्या म्हणाल्या. डाव्या किडनीच्या शेजारी प्लीहा असते, तिच्याशेजारी वाढताना काही माणसांच्या किडनीला असा उंचवटा येतो, आतला भाग अगदी निरोगी आहे, आणि यामुळे भावाला द्यायला अडचण नाही, असं त्यांनी नीट समजावलं. ज्याच्या नावानं मी देवीला बोल लावत होते, ते तिनं मला जन्मतःच दिलेलं होतं. मी धावत बाहेर आले, पण अक्का निघून गेली होती. ती देवी होती असं मी म्हणत नाही. देवीला नणंद असल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

नाशिकला ऑपरेशन झालं. भावाला लघवी होऊ लागली तेव्हा आम्ही चक्क पेढे वाटले. त्या श्रावणात धुळ्याच्या घरी कानबाई बसली. तिच्या नावानं दळलेल्या गव्हाचा प्रसाद, त्याला रोट म्हणतात, आमच्याकडे फक्त भाऊबंद खातात. लग्न झालेली लेक दुसऱ्या कुळाची, तिनं पंगतीत वाढायचं, खायचं नाही. मी वाढायला वाकले तेव्हा आईनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "बठ पानवर. तुन्ही किडनी ह्या घरनं पानी पी ऱ्हायनी, नि तू परकी कसी?" पंगतीत कुणी हरकत घेतली नाही. भाऊ सरकला आणि त्यानं मला शेजारी जागा दिली.

इतके नवस बोलले, पण हे मागायचं मला सुचलंच नव्हतं. शेजारी भाऊ गटागटा पाणी पीत होता. मी हात जोडले आणि माहेरचा रोट खाल्ला.