इवाई, जरा मागं घ्या

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून या वाक्याचं वजन तुम्हाला कळायचं नाही. पारनेरात माझं पाण्याच्या मोटारी-पाईपांचं दुकान आहे आणि त्या दुकानात पाईपांपेक्षा गोष्टी जास्त खपतात. आमच्या विहिरीतलं कासव बैलगाडीएवढं होतं, हे मीच सांगितलं. एका उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी झाली की डेअरीला दूध घालायला निघालेला माणूस पावडर घेऊन पोहोचला, हेही माझंच. पोटात गोष्ट राहिली तर मला ढेकर येत नाही. असा माणूस म्हणतो की एक गोष्ट त्यानं पाच वर्षं दाबून ठेवली – तेव्हा जरा जवळ सरका. नाही, सरकू नका. सरकण्यावरूनच सगळं झालं.

विमानाची गोष्ट आहे. म्हणजे – विमानाची गोष्ट मी हजार वेळा सांगितली आहे. सगळ्या तालुक्याला ती पाठ आहे. फक्त ती ही नव्हे.

माझी मनीषा देवळाली प्रवऱ्याला दिलेली. जावई नोकरीला बंगलोरात. पहिला मुलगा झाला, बारशाला आम्हा दोघा आजोबांना विमानाची तिकिटं आली. मी आणि माझे व्याही किसनराव. आमच्या बायका बाळंतपणासाठी आधीच तिकडं गेलेल्या. आता दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार, तेव्हा खिडकी कुणाला? मी मुलीचा बाप, मला मान तुकवायला हवी. पण खिडकी सोडवत नव्हती. ते मुलाचे बाप, त्यांनी मागायची गरज नव्हती, आणि ते मागतही नव्हते. जावयानं शहाणपणा केला. दोघांनाही खिडकी दिली. एकामागे एक. मी पुढं, किसनराव माझ्या मागं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यात सगळं आलं. आलं खरं. पण त्याआधी किसनराव कोण ते सांगायला हवं.

तरुणपणी हा माणूस विहिरी खोदणाऱ्या टोळीत होता. साठ फूट खाली उतरायचं, सुरुंग पेरायचा, वात पेटवायची, आणि पाळण्यात बसून वर यायचं. एकदा वर यायचा दोर अडकला. वात खाली जळत होती. किसनराव म्हणे पाळण्यातून परत उतरले, वात चिमटीनं विझवली आणि वर येऊन आधी पाणी मागितलं. हे मी नाही सांगत. मी सांगितलं असतं तर पाळण्यात वाघ असता. हे देवळालीतली माणसं सांगतात, आणि कुणी त्यात भर घालत नाही. त्या माणसाला गावात नाव होतं ते या एका गोष्टीचं – हा भीत नाही.

आणि माझा त्यांच्यावर राग होता. हेही कधी बोललो नाही.

लग्नाच्या बैठकीत झालं होतं ते. मांडव कुणी घालायचा यावर घोळ चालला होता. माझी जीभ सुटली. मी म्हणालो, "देवळालीची माणसं उसासारखी. चरकात घातल्याबिगर रस सोडत न्हाईत." आमच्याकडचे पन्नास जण खो-खो हसले. मला वाटलं, जिंकलो. किसनराव हसले नाहीत, चिडलेही नाहीत. पान लावत होते, ते पूर्ण लावलं. मग म्हणाले, "इवाई, शब्द मागं घ्या."

माझी पोरगी आत भिंतीला कान लावून बसलेली.

घेतला मागं. काय करणार? पण त्या दिवसापासून 'मागं घ्या' हे दोन शब्द माझ्या पाठीत रुतून बसले. अशी गोष्ट विसरतं का कुणी? मी विसरलो नाही, एवढंच सांगतो.

आता विमान. वर गेल्यावर माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईंनी मान वळवली आणि विचारलं, "काका, सीट थोडी मागे घेऊ का? चालेल ना तुम्हाला?" हे नीट लक्षात ठेवा. कारण पुढं मनातल्या मनात मी स्वतःला फार वेळा सांगितलं, की बाबा, आपण एसटीत बसणारी माणसं. आपल्याला काय माहीत, सीट मागं घेताना मागच्याला विचारायचं असतं. माहीत होतं. पाच मिनिटांपूर्वी मलाच विचारलं होतं. मी त्यांना मोठ्या ऐटीत "घ्या की" म्हणालो होतो.

मग मीही हाताशी असलेलं बटण दाबलं. अर्धी सीट मागं. विचारलं नाही. पाठीला बरं वाटलं, आणि – खरं सांगू? – पाठीपेक्षा दुसऱ्याच कशाला तरी जास्त बरं वाटलं. मुलीचा बाप पाय पसरून बसला होता, आणि मुलाचा बाप मागं गुडघे आवळून.

चहा आला. किसनरावांनी घेतला, मी नाही घेतला. त्यांचा कप माझ्याच सीटच्या पाठीला लटकलेल्या फळीवर होता, हे मला दोन सीटांच्या फटीतून दिसत होतं. दिसत होतं, हे पुन्हा सांगतो. मग माझ्या खांद्याशी दोन बोटं हलकेच वाजली.

"इवाई, जरा मागं घ्या."

म्हणजे काय? काय म्हणायचं होतं त्यांना? घेतलेली सीट मागं घ्या, जशी होती तशी करा. शब्द मागं घेतात तशी. दुसरा काय अर्थ असणार? मागं अडकलेला माणूस सीट आणखी मागं कशाला मागेल? मला कळलं. एका क्षणात कळलं, आणि त्याच क्षणात मला दुसरा अर्थही सापडला, बाईंच्या तोंडचा. मागं घ्या म्हणतात ना? घेतो.

बटण दाबलं आणि पूर्ण पाठ देऊन रेटलं. मोटारीखाली पाईप बसवताना रेटतो तसं.

मागून काही आवाज आला नाही. कागदी कप खाली पडून घरंगळला, तेवढाच. मी ऐकलं. वळलो नाही. खिडकीतून ढग बघत राहिलो. ढग काय बघायचे असतात एवढे? किती वेळानं कुणास ठाऊक, मागून आवाज आला, "आसू द्या." मी काही बोललोच नव्हतो. मग हे 'आसू द्या' कशाला होतं?

घरी पोहोचलो. दारातच विहीणबाईंनी पायजम्यावरचा मोठा डाग पाहिला. "अवो, ह्यो चहा कसा सांडला?"

किसनरावांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं थांबले. ती माझी पाळी होती. मनीषा ओली बाळंतीण, बाळ कुशीत, माझी बायको मागं, जावई चपला काढतोय. सगळे थांबलेले. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या हातून झालं, विहीणबाई. एवढंच.

मी म्हणालो, "खड्डा."

आणि मग सुटलो. हवेतला खड्डा. विमान तीन विहिरी खाली गेलं. माणसं रडायला लागली, हवाई सुंदरीनं देवाचं नाव घेतलं, आणि आमच्या इवायांचे हात असे लटलट कापायला लागले की चहा कपात राहीना. मी मागं हात घालून त्यांचा हात धरला, म्हणालो, किसनराव, मी हाय. मनीषा हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा इतकी हसली, असं माझी बायको म्हणाली. जावईबापू वडलांना म्हणाले, "आबा, नगर-मनमाड रोडवर जन्म काढला तुमी, अन् खड्ड्याला भ्याले?" सगळे हसले. किसनरावही हसले, जरा उशिरानं. ते का नाही बोलले? सुनेच्या बापाला सुनेसमोर खोटं पाडायचं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी बारसं होतं. दुसरं काय कारण असणार? मी विचारलेलं नाही.

बारशाला बाळ आधी त्यांच्या मांडीवर द्यायचं होतं. विहीणबाई बाळ घेऊन वाकल्या. किसनरावांनी हात आडवा केला. "आधी इवायांकडं द्या." बायका आपसात कुजबुजल्या, की हात कापत्यात अजून, नकोच. बाळ माझ्या मांडीवर आलं. फोटो आहे. त्या फोटोत मी फेट्यासकट फुललेलो आहे. बाजूला किसनराव आहेत. नीट पाहिलंत तर दिसेल – एका हातानं त्यांनी पायजम्याचं कापड मांडीपासून वर उचलून धरलंय. चटका बसलेली कातडी कापडाला चिकटू नये म्हणून. मी तेव्हाही पाहिलं होतं. आता तो फोटो आमच्या बैठकीत लावलाय, आणि पाहुणे आले की मी त्या भिंतीकडं पाठ करून बसतो.

त्यांना शुगर आहे. मांडीवरची ती जखम भरायला तीन महिने लागले. मनीषा फोनवर सांगायची – आबांना खाली बसता येत नाही, पंगतीत उभ्यानंच जेवले. मी फोनवर च्-च् करायचो. आणि फोन ठेवून दुकानात गिऱ्हाइकाला खड्ड्याची गोष्ट सांगायचो. तीन विहिरींच्या पाच झाल्या. कुणीतरी ती देवळालीला नेली. ज्या गावात त्यांची सुरुंगाची गोष्ट चालायची, त्या गावात आता माझी चालते. पारावर बसलेलं कुणी त्यांना म्हणतं, "आबा, जपून, पुढं खड्डा हाय." नातवाला तर बोलायला लागल्यापासून दोन आजोबा आहेत. एक पारनेरचे आजोबा. दुसरे खड्डा आजोबा.

हे नाव त्याला मीच शिकवलं. खेळता खेळता.

तेव्हापासून मोबाईलवर 'व्याही' असं उमटलं की मी आधी गिऱ्हाइकापासून बाजूला होतो. आज बोलतील. आज सांगतील. पोरगी त्यांच्या घरात आहे, तिला कळलं तर ती माझ्याकडं कशी बघेल? फोन उचलतो. ते विचारतात, पाऊस पडला का तिकडं? एवढंच विचारतात. पाच वर्षं एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी कधीच उलटून बोललो असतो, आणि गोष्ट मिटली असती. हे काय चालवलंय त्यांनी? की त्यांनी काही चालवलेलंच नाही, आणि हे सगळं एकट्या माझंच चाललंय?

मागच्या आठवड्यात देवळालीला गेलो होतो. बंगलोरात जावयाच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, पुन्हा दोन तिकिटं आलीत. किसनराव ओट्यावर खुर्चीत बसले होते. खाली ते अजून बसत नाहीत; भरलेली कातडी ताणते. म्हणाले, "तुमी जा इमानानं. मी रेल्वेनं येतो दोन दिवस आधी निघून." मी म्हणालो, "अवो, का?" – आणि विचारताना माझीच जीभ मला जड वाटली. ते म्हणाले, "कशाला उगं. समदी हसत्यात."

तेवढ्यात बंगलोरचा फोन आला, व्हिडिओवाला. पोरगं पडद्यावर तोंड चिकटवून ओरडत होतं. मागं मनीषा, जावई. "खड्डा आजोबा, तुम्ही विमानाला घाबरता ना?"

किसनरावांनी हातातला फोन हळूच माझ्याकडं वळवला आणि माझ्याकडं पाहिलं. तसंच, दारात पाहिलं होतं तसं. थांबले.

ओट्यावर आम्ही दोघंच होतो. खरा शब्द ओठावर आला होता, त्याची चवसुद्धा कळली मला. पोरगं विचारत होतं, "हो ना आजोबा? हो ना?"

मी म्हणालो, "अरे, खड्डाच तेवढा मोठा होता." तिकडं सगळे हसले.

शब्द ओठावर आला होता. मी तो मागं घेतला.