नवऱ्याच्या मापाची गाडी

जनावरांच्या दवाखान्यात मला नोकरी लागली आणि जतच्या बाजूच्या वस्त्यांवर मेंढ्यांना लस द्यायचं काम माझ्याकडं आलं. तिकडं एसटी जात नाही. नवरा सैन्यात, त्याची मोटारसायकल छपरात धूळ खात उभी होती. तीच मी काढली. लसीची पेटी पाठीवर बांधायची, तोंडाला ओढणी गुंडाळायची आणि निघायचं. वर्ष झालं नसेल, तोवर संध्याकाळी कमरेत कुणी पहार खुपसल्यासारखं व्हायला लागलं.

दुखणं सोसलं असतं. लोकांची मात्र शिसारी यायला लागली.

सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीनं असली गाडी दामटल्यावर कंबर जाणारच." वस्तीवरचा एक जण शेळीचा कान धरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "मॅडम, तेल लावून चोळून घ्यावं कुणाकडनं तरी." आणि हसला. त्याचे ते तंबाखूनं काळे पडलेले दात अजून डोळ्यांपुढं येतात. मिरजेला डॉक्टरकडं गेले तर त्यांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, "मुलं किती? सिझर का?" मी म्हटलं, "डॉक्टर, मी रोज मोटारसायकल चालवते." तर म्हणाले, "ती बंद करा," आणि पट्टा लिहून दिला. तो पट्टा घामानं भिजून दुपारपर्यंत ओल्या पोत्यासारखा वास मारायचा. रात्री तो काढताना मला माझ्याच अंगाची घाण वाटायची.

मग एकदा नणंद तिच्या स्कूटीवरून माझ्या मागून येत होती. ती पाठीमागं आणि तिची मैत्रीण स्कूटी चालवत होती. वहिनी मोटारसायकलवर कशी दिसते हे मैत्रिणींना दाखवायचं म्हणून तिनं मोबाइलवर चित्रण केलं. घरी येऊन मला दाखवलं. "वैनी, लय भारी दिसतायसा!"

मी बघितलं, पुन्हा लावून बघितलं. चुलीत फुंकर घालायला वाकावं तशी मी वाकलेली. हात हँडलपर्यंत पोचावेत म्हणून पुढं ताणलेले, खांदे कानांपाशी, पाठीवरच्या पेटीनं कणा दाबलेला. नवरा सहा फुटी, मी पाच फुटांच्या जरा वर. गाडीचा एक बोल्टसुद्धा माझ्या मापाचा नव्हता, आणि सगळे माझ्या कमरेलाच नावं ठेवत होते.

सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन सांगलीला गॅरेजात गेले. हँडल वर उचलून माझ्याकडं वळवून घेतलं. सीटचा फोम कापून बसका केला, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर टेकतील. नवऱ्यानं वैरणीच्या ओझ्यासाठी मागचे शॉकअप कडक करून ठेवले होते, ते सैल केले. पेटी पाठीवरून कॅरियरवर गेली. वाटेत एका ठिकाणी उतरून चार पावलं चालायची सवय लावली. दुखणं एका दिवसात गेलं नाही, पण महिन्याभरात कुशीवर झोपता यायला लागलं. पट्टा उकिरड्यावर टाकला.

नवरा रजेवर आला. गाडीवर बसला आणि ओरडला, "अगं, ह्ये काय करून ठिवलंस? गुडघं हँडलला लागत्यात!"

"माझ्या मापाची केलीय."

"गाडी माझी हाय."

"पाठ माझी हाय."

दुसऱ्या दिवशी कामावर निघाले तर हँडल पुन्हा खाली. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यानं पाना चालवला होता. विचारायचंही सुचलं नाही त्याला. मी अंगणात बसले, शेजारच्या बायका बघत असताना त्याच्याकडंच पाना मागितला आणि हँडल होतं तिथं आणलं. सासूबाई पुटपुटल्या, "चार दिसांसाठी आलंय पोरगं." मी मान वर केली नाही. राहिलेली रजा तो वडापच्या जीपनं फिरला.

परतीच्या दिवशी मीच त्याला मिरज स्टेशनला सोडायला निघाले. तो मागं, मांडीवर बॅग. सैल शॉकअपवर दोघांचं वजन, प्रत्येक खड्डा त्याला खालून बसत होता. स्टेशनवर उतरला तो कमरेवर हात ठेवून वाकडाच उभा राहिला.

"लय हादरं बसत्यात गं. तुझी कंबर कशी हाय आता?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, आणि तेही स्वतःची दुखल्यावर. मला त्याची दया आली नाही. "बरी हाय," एवढंच म्हणाले, गाडी वळवली आणि फलाटाकडं न बघता निघाले.