कुसुमने पाणी घेतलं नाही

मंदाताई, गुडघा कसा आहे? विनायकराव, खोकला थांबला का? शैला, शुगरची गोळी घेतेस ना गं?

माझी धाकटी बहीण कुसुम दादरच्या एका ऊर्जा-उपचार केंद्रात जाते. त्यांनी तिला इन्सुलिन बंद करायला लावलं, म्हणून काल मी इथेच, आपल्या ग्रुपवर, त्यांच्याविरुद्ध लिहिलं.

आज ती केंद्रातल्या दोन बायकांना घेऊन घरी आली. मी पाणी दिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि भांडं खाली ठेवलं.

“शंका घेणाऱ्यांच्या हातचं चालत नाही, ताई. पोस्ट काढ, नाहीतर मी तुला मेले.”

ओठ सुकले होते पोरीचे.

पोस्ट काढली तर आणखी कुणाची औषधं सुटतील. ठेवली तर कुसुमकडे बघणारं कुणी उरणार नाही. अशा ठिकाणाहून कुणी आपलं माणूस परत आणलंय का? लवकर लिहा रे.