सुमनचं डोकं दुखत नव्हतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. जिच्यापाशी बोलायला हवं होतं त्या माझ्या बायकोपाशी, सुमनपाशी, तर मुळीच नाही.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास बदली होऊन आम्ही चंडीगढला आलो. मी दिवसभर सेक्रेटरिएटमध्ये, सुमन क्वार्टरमध्ये एकटी. साताऱ्याची मुलगी, हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं. शेजारणी हौसेनं यायच्या, ही नुसती हसायची. मग हसणंही थांबलं. भात करपायचा, आणि ही स्टोव्हपुढेच बसलेली असायची.

मला कीव आली असेल असं वाटतं? छे — राग यायचा. मनाचं दुखणं म्हणजे बसून खाणाऱ्यांची थेरं, असं आमच्या घरात मानत. आई गेली तेव्हा मी रडलो नव्हतो आणि — खरं सांगतो — त्याचा मला अभिमान होता. बोललं की वाढतं, गिळलं की जिरतं. पक्कं!

शेवटी डॉक्टरकडे नेलं. शहरात मराठी डॉक्टर होते, पण मुद्दाम टाळले. गणपतीत सगळी मराठी मंडळी जमायची — बोभाटा झाला असता ना? म्हणून एक वयस्कर सरदारजी डॉक्टर गाठले.

"बोलो बेटी, क्या तकलीफ है?"

सुमन माझ्याकडे वळली. महिनोन्‌महिने न बोललेली बाई — भडाभडा बोलली. "अहो, आत काही उरलंच नाही. रडावंसं वाटतं, पण रडूही येत नाही. सकाळ झाली की भीती वाटते. हे सगळं सांगा ना त्यांना."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सिर में दर्द रहता है जी. नींद नहीं आती."

एवढंच. इतक्या बोलण्याचं इतकंसं हिंदी — तिला काहीच कळलं नसेल? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

पुढे ती हिंदी शिकली. भाजीवाल्याशी तर पंजाबीतही हुज्जत घालायची. घरात मात्र मराठीच. मनाचं पुन्हा कधी बोलली नाही, आणि मी खूश — बघा, जिरलं की नाही?

गेल्या हिवाळ्यातली रविवारची दुपार. सुमन अंगणात उन्हाला बसली होती. मांडीवर मटार, हात थांबलेले, नजर कुठेच नाही. किती वर्षं ती अशीच बसत आली असेल? मला भीती वाटली. जवळ बसून म्हणालो, "सुमन, काय होतंय ते सांग. मी ऐकतो."

तिनं वर पाहिलं नाही. स्वच्छ हिंदीत, शब्दन्‌शब्द माझाच, म्हणाली —

"सिर में दर्द रहता है जी. नींद नहीं आती."

आणि मटार सोलायला लागली.