उजव्या डोळ्यावर मिशरीचा हात

भूतबीत मी मानत नाही. आजही नाही, तेव्हा कृपया कोणी मला अंगारे-धुपारे सुचवू नयेत.

मी काळेवाडीत राहते, चाकणच्या एका कंपनीत वायरचे रंग तपासायला होते. वर्षभर नजर डावीकडे वळवली की क्षणभर अंधारी यायची. दुखायचं काहीच नाही... चष्म्याच्या दुकानदाराने दोनदा नंबर बदलला. नवरा म्हणायचा, "मोबाईल कमी बघ." याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हेच औषध.

मार्चमधली भर दुपार. गच्चीच्या दाराला कडी घालून मी एकटीच मिरच्यांची देठं काढत होते. मागून कोणीतरी माझा उजवा डोळा झाकला — चष्म्यावरूनच. मिशरीचा उग्र वास आला. आमच्या घरात मिशरी लावायच्या फक्त सासूबाई, आणि त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. जिवंत असेपर्यंत माझ्या मागे एकच धोशा, "दिसत न्हाई का गं तुला?" मेल्यावरही पिच्छा सोडत नाहीत म्हणून मी हात झटकणार, तेवढ्यात लक्ष गेलं... उघड्या डाव्या डोळ्याला मिरच्या मातकट दिसत होत्या.

हात निघाला. मिरच्या लालभडक. मागे कोणी नाही, कडी तशीच. चष्म्याच्या उजव्या काचेवर काळं बोट उमटलेलं. मी ते रागाने ओढणीने पुसून टाकलं.

मग स्वतःच एकेक डोळा झाकून पाहिला आणि डोळ्यांचा दवाखाना गाठला. एमआरआयमध्ये डाव्या डोळ्याच्या नसेभोवती गाठ निघाली. कॅन्सर नाही. "कापून काढायला गेलो तर नजरच जाईल," डॉक्टर म्हणाले. "रेडिएशन देऊ, आहे ते टिकवू. ही गाठ दुखत नाही, दुसरा डोळा भागवून घेतो, म्हणून लोक उशिरा येतात. आधी आला असतात तर बरं झालं असतं."

तोंडावर जाळीचा मास्क आवळून कितीतरी आठवडे रेडिएशन घेतलं. गाठ थांबली. गेलेले रंग आले नाहीत. कंपनीने मला पॅकिंगला टाकलं.

आता सासूबाईंच्या फोटोला रोज हार असतो. नणंद सगळ्यांना सांगते, "आमच्या आईनं वहिनीचा डोळा वाचवला." अर्धा वाचवला, बाई. अर्धा.

तो हात कोणाचा, मला अजून कळलेलं नाही. पण परवा घरात कोणी नव्हतं तेव्हा मी फोटोसमोर उभी राहून भांडले. म्हटलं, "एवढं वर्ष कुठं होतात? खरंच दिसत नव्हतं मला. आणि या घरात तुमच्याशिवाय कोणी विचारत नाही हो."